वसईची विहारयात्रा

जोगेश्वरीस बिऱ्हाड करून आम्हांस पंचेचाळीसांवर वर्षे झाली. परंतु ज्या गुंफेवरून आमच्या उपनगरास नाव मिळाले, ती आमच्या घरातील निम्म्या मंडळींनी पाहिलेली नाही, हे सांगावयास संकोच वाटतो. सहाव्या शतकात कोरलेले ते प्रचंड शिवालय घरापासून हाकेच्या अंतरावर. आणि आम्ही मात्र सुट्टी लागली की महाबळेश्वर, काशी, रामेश्वर अशी लांबलांबची नावे घेत बसावयाचे! जवळची वस्तू केव्हाही पाहता येईल, या भरवशावर ती कधीच पाहिली जात नाही. वसईचे माझ्या बाबतीत असेच झाले. आमच्या स्टेशनावरून विरारकडे जाणाऱ्या गाड्या मी हजारो वेळा पाहिल्या असतील. वसईस उतरण्याचा योग मात्र गेल्या मार्गशीर्षापर्यंत आला नव्हता.

योग आला नव्हता, असे म्हणणे खरे म्हणजे पुरते प्रामाणिकपणाचे नाही. वसईस मला जावयाचे नव्हते, आणि त्याचे कारण चाळीस वर्षांपूर्वीचे होते.

मी शाळेत इतिहास शिकवीत असे. आमच्याच शिक्षकवर्गात वसईकडील एक ख्रिस्ती गृहस्थ होते. विषय गणित, स्वभाव अबोल, मराठी मात्र इतके शुद्ध की, शाळेचे हस्तलिखित मासिक तपासावयाचे काम मुख्याध्यापक त्यांच्याकडेच सोपवीत. सायंकाळी आम्ही एकाच गाडीने परतत असू. मी जोगेश्वरीस उतरे, ते पुढे वसईस जात. 1984 च्या नाताळात त्यांनी मला घरच्या सुकेळ्यांचा एक पुडा दिला. ज्या वाचकांनी वसई-आगाशीची सुकेळी चाखली नसतील त्यांच्याकरिता सांगतो की, राजेळी जातीची पिकलेली केळी सोलून, उन्हात कित्येक दिवस वाळवून ती करितात. मधासारखा तांबूस रंग चढतो, आणि मग ती केळीच्याच वाळल्या सोपटात बांधून ठेवितात. पुडा हाती घेताना मला आनंद झाला, आणि तत्क्षणीच भीतीही वाटली. घरात आई होती. तिचे सोवळे कडक होते. ख्रिस्ती घरातून आलेली खाण्याची वस्तू उंबरठ्याच्या आत आली असती तर तिने मला शब्दाने दुखविले नसते. परंतु त्या दिवशी ती जेवली नसती, हे मला ठाऊक होते.

जोगेश्वरीच्या फलाटावर उतरताच समोर एक भटका मुलगा दिसला. त्याच्या हाती मी तो पुडा दिला आणि वळून पाहिले. गाडी अद्याप हलली नव्हती, आणि खिडकीशी माझे स्नेही बसले होते. त्यांनी सर्व पाहिले होते. त्यांनी नुसती मान हलविली, आणि गाडी सुटली.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखेच बोलले. पुढे सुकेळ्यांचा पुडा कधी आला नाही. परंतु पुढील श्रावणापासून दरवर्षी ते आपल्या वाडीतील सोनचाफ्याची फुले पानात बांधून आणीत व माझ्या मेजावर ठेवीत. "आईंच्या देवांसाठी," एवढेच म्हणत. फुलांस ओवळे नसते, हे त्यांनी ध्यानात घेतले होते! ती फुले मी घरी नेई. आई विचारी, "कोठून आणलीस रे एवढी टवटवीत?" मी सांगे, "बाजारातून." ती फुले तिच्या बाळकृष्णास वर्षानुवर्षे वाहिली गेली. आई 1997 साली गेली. माझे हे दोन्ही अपराध, फलाटावरचा आणि देवघरातला, माझ्याजवळच राहिले. स्नेही निवृत्त होऊन वसईस राहिले, मी जोगेश्वरीस. आणि मध्ये तासाभराचा प्रवास असता वर्षांमागून वर्षे गेली.

गेल्या मार्गशीर्षात माझ्या नातीच्या शाळेत वसईच्या मोहिमेवर निबंध लिहावयाचा होता. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही इतिहास शिकवीत होता ना? मग मला वसई दाखवा." नातवंडांच्या आग्रहापुढे कोणाचे चालले आहे? मी धीर करून स्नेह्यांस दूरध्वनी केला. पलीकडून तोच शांत आवाज आला : "या सर. जेवावयासच या."

रविवारी सकाळी आमची सौभाग्यवती, नात व मी असे तिघे निघालो. बोरिवलीस गाडी बदलून विरारची गाडी धरली. दहिसर, मिरा रोड मागे पडले, आणि भाईंदर सोडताच खाडीचा विस्तीर्ण पूल लागला. मी नातीस म्हटले, "ही खाडी नीट पाहून घे. आतापर्यंत आपण साष्टी बेटावर होतो. आपली जोगेश्वरीही त्याच बेटावर. या पाण्यापलीकडे वसई. दोन्ही मुलूख दोन शतके पोर्तुगीजांकडे होते, आणि दोन्ही मराठ्यांनी एकाच मोहिमेत सोडविले."

गुजरातच्या बहादूरशहाने 1534 साली वसई पोर्तुगीजांस दिली. पुढील दोनशे पाच वर्षांत त्यांनी तेथे तटबंद नगर वसविले, आणि उत्तरेकडील त्यांच्या सर्व ठाण्यांचा कारभार तेथून चाले. त्याबरोबरच देवळांचा विध्वंस झाला आणि हिंदूंच्या धर्मविधींवर बंधने आली. मराठ्यांच्या मोहिमेस हेही एक मोठे कारण होते. 1737 साली ठाण्याचा किल्ला घेऊन चिमाजीअप्पांनी साष्टीत पाय रोविला. वसई मात्र सहजासहजी येणारी नव्हती. तीन बाजूंस पाणी आणि दलदल, चौथ्या बाजूस उंच तट व त्यावर तोफा. म्हणून आमच्या जोगेश्वरीच्या पश्चिमेस असलेले वेसावे, खाडीच्या मुखाशी असलेली धारावी, ही ठाणी आधी घेऊन वसईची समुद्राकडील मदत तोडली गेली. मग तटाखाली सुरुंग खणण्याचे जीवघेणे काम चालले. मे 1739 मध्ये सुरुंग उडाले, तटास खिंडारे पडली आणि त्या खिंडारांत दोन्हीकडील माणसे पडली. किल्ला हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधून माझे मस्तक तरी आत पडेल असे करा, असे अप्पा म्हणाल्याची आख्यायिका आमच्या वडिलांनी आम्हांस किती वेळा सांगितली असेल, त्याची गणती नाही. ती सांगताना त्यांचा आवाज दरवेळी भरून येई.

वसई रोड स्टेशनापासून किल्ला सातआठ किलोमीटर आहे. बसने पापडीवरून वसई गावात व तेथून किल्ल्यात जाता येते. रस्ता थेट तटाच्या आत शिरतो, आणि मग अकस्मात सावली लागते. ताड, चिंच, वड यांच्या गर्दीतून पडक्या भिंती डोकावू लागतात. आत शिरल्यावर प्रथम अप्पांच्या स्मारकापुढे नमस्कार केला. नंतर डांबरी रस्ता सोडून आम्ही तटाच्या कडेची पायवाट धरली. नव्या पाहुण्यांस माझी विनंती आहे की, त्यांनीही तसेच करावे. रस्त्यावरून किल्ला दिसतो. पायवाटेने गेले म्हणजे तो कळतो. एके ठिकाणी तटाच्या दगडांत वडाच्या मुळ्या शिरून त्यांनीच तो आता धरून ठेविला आहे. दुसरीकडे भिंतीच्या चुन्यात शिंपल्यांचे कण चमकतात. पाणी बरोबर न्यावे, पायांत जाड वहाणा असाव्यात, आणि पावसाळ्यानंतर लगेच गेल्यास गवतात पाय जपून टाकावा.

फ्रान्सिस्कन पंथाच्या मठाचे छप्पर केव्हाच गेले आहे. भल्या थोरल्या कमानींवर आता केवळ आकाश आहे. जमिनीवर मात्र ओळीने थडग्यांच्या शिळा बसविलेल्या असून त्यांवर पोर्तुगीज सरदारांची नावे व कुलचिन्हे कोरलेली आहेत. नात एका शिळेवर पाय ठेवणार इतक्यात सौभाग्यवतींनी तिला हाताशी धरून बाजूस घेतले. "कोणाचे तरी आईबाप असतील ते," त्या म्हणाल्या. जिंकलेल्या किल्ल्यात हा विचार माझ्या मनात आजवर आला नव्हता, हे मी येथे कबूल करितो.

नातीने विचारले, "आजोबा, किल्ला जिंकल्यावर आतल्या लोकांचे काय झाले?" हा प्रश्न पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नाही, आणि दोष त्यांचा नव्हे, कारण माझा धडा निशाण चढले की संपत असे. मी तिला तहाची कलमे सांगितली. शरण आलेल्या फौजेस हत्यारांनिशी, निशाणे घेऊन, नगारे वाजवीत बाहेर पडू द्यावे; ज्यांस जावयाचे असेल त्यांस बायकामुले व चीजवस्त नेऊ द्यावी; आणि जे मागे राहतील त्यांस आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी. हजारो माणसे गमावलेल्या सैन्याने, खिंडाराच्या तोंडाशी उभे असता, हे मान्य केले. आज वसई तालुक्यात ख्रिस्ती बांधवांची भरगच्च गावे आहेत. त्यांच्या तेथे असण्यास ते कलमही अंशतः कारण आहे. अप्पांचा विजय मला मुखोद्गत होता. अप्पांचे औदार्य मी मुलांस शिकविले नव्हते.

येथील चर्चच्या घंटा मराठ्यांनी नेल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातील आणि भीमाशंकराची अशा दोन घंटा वसईच्या म्हणून प्रसिद्ध आहेत. भीमाशंकरास आमची आई गेली होती, आणि तिने ती घंटा वाजविलीही होती! घंटेस ओवळी कोणी म्हटले नाही. सुकेळ्यांनीच काय पाप केले होते कोण जाणे.

दर्यादरवाजाकडे जाताना सेंट जोसेफच्या देवळाचा उंच मनोरा लागतो. त्याच्या जीर्णोद्धाराचे साल 1601 दिलेले आहे. दरवाजाबाहेर कोळ्यांचा बंदर आहे. बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. आमच्या शाकाहारी नाकांची परीक्षा झाली खरी. परंतु खाडीवरून येणारा वारा, रंगीत होड्या आणि जाळी विणीत बसलेल्या कोळणी पाहून नात तेथून हलावयास तयार होईना. तेथे उभे राहून मी तिला वसईचा दुसरा अध्यायही सांगितला, कारण तो टाळणे न्यायाचे झाले नसते. ऑक्टोबर 1802 मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पराभव केला तेव्हा दुसरे बाजीराव पळून अखेर याच वसईस आले. आणि 31 डिसेंबर 1802 रोजी त्यांनी इंग्रजांशी तह करून त्यांचे सहा हजार पायदळ आपल्या राज्यात ठेवून घेतले व त्याच्या खर्चासाठी सव्वीस लक्षांचा मुलूख तोडून दिला. चिमाजीअप्पांच्या सख्ख्या भावाचा हा नातू. ज्या गावी आजोबांच्या पिढीने निशाण लाविले, तेथेच त्रेसष्ट वर्षांनी नातवाने स्वातंत्र्य गहाण टाकिले. तट दोन्ही वेळां तोच होता.

दुपारी आम्ही स्नेह्यांच्या वाडीवर पोहोचलो. केळी, पानवेली, विहीर, आणि अंगणात तो सोनचाफा. ते काठी टेकीत सामोरे आले. त्यांच्या पत्नीने पाणी आणले; मी ते प्यालो. त्यांच्या घरात सामवेदी किंवा कादोडी म्हणतात ती बोली चालते. तीच बोली वसईतील सामवेदी ब्राह्मणांच्या घरीही चालते. धर्म दोन झाले, बोली एकच राहिली. वसईच्या या मातीने मराठीस काय दिले, हे निराळे सांगावयास नको. येथलेच फादर फ्रान्सिस दिब्रिटो 2020 साली धाराशिव येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. 'सुबोध बायबल' हा त्यांचा ग्रंथ घरोघर पोहोचला. 2024 च्या जुलैत ते निवर्तले.

पाने मांडली. तांदळाची भाकरी, वालाचे बिरडे, भरीत, ताक. यजमानीण बाई संकोचाने आमच्या सौभाग्यवतींस म्हणाल्या, "ताई, तुमच्यासाठी नवी पातेली काढली आहेत. यात कधी मासळी शिजली नाही." त्यांनी ते चांगुलपणानेच म्हटले, परंतु माझ्या घशाखाली घास उतरेना. शेवटी मी भाकरी ताटात ठेविली आणि फलाटावरची गोष्ट काढली. सर्वांच्या देखत, नातीच्याही देखत, सांगितली. बाजारातली फुले, हेही सांगितले.

स्नेही काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "सर, त्या दिवशी वाईट वाटले नाही असे म्हणालो तर खोटे होईल. सुकेळी माझ्या आईने केली होती. घरी गेल्यावर तिने विचारले, आवडली का? मी हो म्हणून सांगितले. म्हणजे खोटे आपण दोघांनीही बोललो." थोडे थांबून त्यांनी विचारले, "त्या पोराने खाल्ली का?" मी म्हटले, "तेथेच पुडा फोडला." "मग ठीक आहे," ते म्हणाले, आणि मला आणखी बिरडे वाढावयास सांगितले. क्षमा केली असे ते म्हणाले नाहीत, आणि मीही तसा शब्द त्यांच्याकडून मागितला नाही.

ऊन उतरल्यावर ते आम्हांस भुईगावच्या किनाऱ्यावर घेऊन गेले. सुरूच्या रांगांतून मऊ वाळूची वाट समुद्राकडे जाते. ओहोटी असल्यामुळे ओली वाळू दूरवर आरशासारखी पसरली होती. या किनाऱ्याने उत्तरेस कळंब, राजोडी व पुढे अर्नाळ्यापर्यंत एकामागून एक पुळणी आहेत, आणि अर्नाळ्याच्या बेटावर बाजीरावांच्या वेळचा जलदुर्ग उभा आहे. आमचे पाय तितके चालणारे नव्हते. नात पाण्यात गेली, सौभाग्यवती शिंपले वेचू लागल्या, आम्ही दोघे म्हातारे सुरूखाली बसलो.

तेथे बसून मला एक गोष्ट आठवली. भुईगावापासून जवळच सोपारा. प्राचीन ग्रंथांतील शूर्पारक ते हेच. ग्रीक खलाशांसही हे बंदर ठाऊक होते. तेथे 1882 साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 'बुरूड राजाचा कोट' म्हणून ओळखला जाणारा टेकाड खणून त्यातील बौद्ध स्तूप उजेडात आणिला. त्याच साली अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सोपाऱ्यास सापडला; आणि नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली आम्ही बसलो होतो त्याच भुईगावात मिळाला. या दोन लेखांचा आशय इतरत्र सापडलेल्या त्यांच्या प्रतींवरून पूर्ण ठाऊक आहे. आठव्यात राजा सांगतो की, पूर्वीचे राजे मृगयेच्या व करमणुकीच्या विहारयात्रा करीत. आपण बोधिवृक्षास जाऊन आल्यापासून त्यांची जागा धर्मयात्रेने घेतली. वृद्धांस भेटावे, त्यांस दान द्यावे, खेड्यापाड्यांतील लोकांस भेटून धर्माची विचारपूस करावी, ही ती यात्रा. नवव्यात तो म्हणतो की, आजारपणात, लग्नात, प्रवासास निघताना लोक नाना प्रकारची मंगलकृत्ये करितात, त्यांचे फळ अल्प. दासांशी व नोकरांशी योग्य वागणूक, वडीलधाऱ्यांचा मान, प्राणिमात्रांविषयी संयम आणि दान, हेच खरे मंगल.

माझी आई कोणाही प्राण्यास दुखविणारी नव्हती. दारी आलेला भिकारी तिने कधी विन्मुख पाठविला नाही. तिचे सोवळे तिला तिच्या आईकडून मिळाले होते, आणि ते तिच्यापाशी खरे होते. माझ्यापाशी ते खरेही नव्हते. माझ्यापाशी केवळ भीती होती. आईस मी कधी विचारलेच नाही. फुले कोठून आली हे तिला सांगितले असते, तर तिने ती देवावरून उतरविली असती की नाही, हे आता मला कधीच कळावयाचे नाही. या यात्रेत मला सर्वांत जड गेले ते हे.

निघताना यजमानीण बाईंनी सोपटात बांधलेला पुडा माझ्या हाती दिला. परतीच्या गाडीत तो मी मांडीवर धरून बसलो. जोगेश्वरीच्या फलाटावर उतरलो तेव्हा दिवे लागले होते. घरी आल्यावर सौभाग्यवतींनी हातपाय धुतले, पुडा सोडला, आणि काही एक न विचारता पहिले सुकेळे वाटीत घालून आईच्या बाळकृष्णापुढे ठेविले. मग नातीस प्रसाद दिला.

ती ते चघळीत म्हणाली, "आजोबा, इतके गोड असते, तर आजवर कधी का आणले नाहीत?" जेवताना सर्व ऐकूनही तिने हे विचारले. उत्तर तिला ठाऊक होते. ते माझ्या तोंडून तिला पुन्हा ऐकावयाचे असावे. मी म्हटले, "पुढच्या नाताळात आपण दोघे आणावयास जाऊ." तिने निबंधाच्या वहीत ते लिहूनही ठेविले आहे.